लाकूड येतं कुठून?
(प्राथमिक जीवशास्त्राच्या प्रश्नसंग्रहाची प्रस्तावना)

‘गणित झेपत नव्हतं म्हणून बायो घेतलं’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोललं जातं, की त्यात एका शास्त्राचा अपमान आहे हे बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही. जीवशास्त्र म्हणजे नावं. नावांच्या व्याख्या, व्याख्येखाली आकृती, आकृतीला दोन्ही बाजूंनी रेघा आणि रेघांच्या टोकांना पुन्हा नावं. ज्याचं पाठांतर चांगलं त्याचं जीवशास्त्र चांगलं, असा एक अलिखित नियम शाळेपासून चालत आला आहे. ‘तंतुकणिकेला पेशीचं ऊर्जाकेंद्र का म्हणतात?’ या प्रश्नाचं उत्तर दहावीच्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्याच मुलाला विचारून पाहा, की झाडाच्या पेशीत तंतुकणिका असतात का? पुष्कळ मुलं इथं थबकतात. झाडाकडे हरितलवक आहेत, अन्न ते स्वतःच बनवतं, मग त्याला तंतुकणिका कशाला लागतील? लागतात. हरितलवकानं साखर बनवली तरी तिच्यातली ऊर्जा कामाला लावायची, तर शेवटी ती तंतुकणिकेतूनच काढावी लागते. शिवाय जमिनीखालच्या मुळांकडे हरितलवक नसतातच. ती मुळं रात्रंदिवस जगतात ती श्वसनावर. ऊर्जाकेंद्राचं वाक्य तोंडपाठ होतं, पण ते वाक्य कशाबद्दल आहे ते कुणी विचारलं नव्हतं.

चांगला प्रश्न ओळखण्याची माझी खूण एवढीच आहे: व्याख्या पाठ असूनही ज्याचं उत्तर देता येत नाही, आणि व्याख्या विसरली तरी विचार करत ज्याच्या जवळपास पोचता येतं, तो चांगला प्रश्न. हा संग्रह अशा प्रश्नांचा आहे. तो वाचायला दहावीपर्यंतचं विज्ञान पुरे आहे, आणि तेही अर्धंमुर्धं आठवत असलं तरी चालेल. शाळा सोडून तीस वर्षं झालेल्या वाचकाचं इथं विशेष स्वागत आहे. पाठ केलेलं सगळं गळून गेल्यावर जे उरतं ते तपासायला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

एक प्रश्न जरा सविस्तर घेतो, कारण या क्षेत्रातला तो सर्वांत जुना आणि सर्वांत गुणी प्रश्न आहे. सागाचा एक मोठा ओंडका डोळ्यांसमोर आणा. चिमटीत मावेल अशा एका बीपासून तो झाला. मधल्या काळात जे शेकडो किलो लाकूड तयार झालं, ते आलं कुठून?

उत्तरं ठरलेली येतात. मातीतून. खतातून. पाण्यातून. एखादा धीट विद्यार्थी ‘सूर्यप्रकाशातून’ म्हणतो. 1997 साली अमेरिकेत ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ नावाची माहितीपटांची मालिका निघाली. तिच्यात एमआयटी आणि हार्वर्डसारख्या विद्यापीठांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांसमोर असेच साधे प्रश्न ठेवले होते; त्यात बी आणि ओंडक्याचाही होता. उत्तरं हीच आली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून लाकूड बनतं असं सांगितल्यावर चेहऱ्यांवर अविश्वास दिसला. एवढं जड, टणक लाकूड हवेतून कसं येईल? गंमत अशी, की प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण यांतल्या प्रत्येकानं कधी ना कधी लिहिलं असणार. समीकरण वहीत होतं, ओंडका अंगणात होता, आणि दोघांची भेट झालेली नव्हती.

या पदवीधरांना हसण्याआधी व्हान हेल्मोंटची गोष्ट ऐकावी. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या या वैद्यानं भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तिच्यात विलोचं, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतलं, 5 पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं सुमारे 169 पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम 2 औंस कमी झाली होती. म्हणजे लाकूड मातीतून येत नाही, हे त्यानं तराजूनं सिद्ध केलं. ज्या समजुतीवर ॲरिस्टॉटलपासून सगळे विसंबून होते ती एका कुंडीत निकालात निघाली. पण मग 164 पौंड आले कुठून? त्यानं घातलं होतं ते फक्त पाणी, म्हणून त्यानं उत्तर दिलं: पाण्यातून. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली, हा प्रयोग छापून आला.

यातला विरोधाभास मला अजून पुरता पचलेला नाही. याच व्हान हेल्मोंटनं ओकचा 62 पौंड कोळसा जाळून पाहिला होता. मागं राख उरली 1 पौंड. बाकीचे 61 पौंड न दिसणाऱ्या, भांड्यात न कोंडता येणाऱ्या पदार्थाच्या रूपानं निघून गेले, असं त्यानं लिहून ठेवलं, आणि त्या पदार्थाला ‘गॅस’ हे नावही त्यानंच दिलं. लाकडाचा वायू होतो हे ज्याला दिसलं, त्याला वायूचं लाकूड होत असेल हे सुचलं नाही. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. झाडाभोवतीची हवा तो मोजत नव्हता. जे मोजलं जात नाही ते हिशेबात धरलं जात नाही, आणि हवेला वजन असतं हे ठाऊक असूनही आपण आजही ती धरत नाही.

पुढचा रस्ता कापायला तीनशे वर्षं लागली. जोसेफ प्रीस्टलीनं 1771 मध्ये पाहिलं, की मेणबत्ती विझवणारी हवा पुदिन्याच्या रोपानं पुन्हा चांगली होते. यान इंगेनहाउझनं 1779 मध्ये दाखवलं, की हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि फक्त उजेडात. 1804 मध्ये द सोस्यूरनं काटेकोर वजनं करून दाखवलं, की झाडाच्या वाढीत हवेतल्या कार्बनबरोबर पाणीही सामील असतं. आणि अगदी 1941 मध्ये रूबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजन वापरून सिद्ध केलं, की झाड जो ऑक्सिजन बाहेर टाकतं तो पाण्यातून सुटलेला असतो. सगळं जोडलं की ओंडक्याचा जमाखर्च जुळतो: कोरड्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचं, तो हवेतून, ऑक्सिजनही कार्बन डायऑक्साइडमधूनच, हायड्रोजन पाण्यातून, आणि मातीतून आलं ते चूल विझल्यावर मागे उरणाऱ्या राखेएवढं. प्रकाश या हिशेबात वजन म्हणून कुठंच नाही. तो हे सगळं घडवून आणतो, पण स्वतः लाकूड होत नाही. ज्या हवेतून हे सारं आलं तिच्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आजही फक्त 0.04 टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्या विरळ साठ्यातून जंगलं उभी राहतात, आणि तरी लोक जीवशास्त्राला कंटाळवाणं म्हणतात.

हाच प्रश्न उलटा करून विचारता येतो. एखाद्यानं 10 किलो चरबी घटवली, तर ती चरबी गेली कुठं? 2014 मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा हिशेब मांडला. त्याआधी त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-प्रशिक्षक यांना हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांचं म्हणणं पडलं, की चरबीची ऊर्जा होते, उष्णता होते. घामावाटे जाते, स्नायू होतात, अशीही उत्तरं होती. खरा हिशेब असा, की 10 किलोंपैकी 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडतात आणि उरलेले 1.6 किलो पाणी होऊन. ऊर्जा सुटते हे खरं, पण दहाच्या दहा किलो अणू कुठं तरी जायलाच हवेत. जिममध्ये घाम पुसणाऱ्या माणसाची चरबी निघून जाते ती मुख्यतः त्याच्या उच्छ्वासात. सागाच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला मनापासून पटलं त्याला हा प्रश्न अवघड जात नाही. ज्यानं ते नुसतं लक्षात ठेवलं तो इथं पुन्हा अडतो. पहिलं उत्तर समजलं की नाही हे तपासण्यासाठी दुसरा प्रश्न म्हणूनच लागतो.

इथं स्वतःचं ज्ञान तपासणं म्हणजे नक्की काय, याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण चाचणी हा शब्द ऐकताच आपल्याकडे पोटात गोळा येतो. नीटच्या परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात. त्यातले निम्मे, म्हणजे 90, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. वीस लाखांहून अधिक मुलांची रांग लावणं हे त्या परीक्षेचं काम आहे, आणि रांग लावायची तर असंच काही तरी करावं लागतं. त्या परीक्षेला नावं ठेवायचा हेतू नाही. फक्त तिच्याकडून जे काम होत नाही ते तिच्यावर लादू नये. मुलगी चुकली एवढं ती सांगते. कशामुळे चुकली, ते सांगत नाही. ‘क’ऐवजी ‘ब’ला खूण करणाऱ्या मुलीच्या डोक्यात काय चाललं होतं, याची त्या कागदावर नोंद नसते.

विज्ञानशिक्षणाच्या संशोधकांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नेमकं यावर काम केलं. ऑस्ट्रेलियात हॅस्लम आणि ट्रेगस्ट यांनी 1987 मध्ये वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांवर दुपदरी प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या पदरात उत्तर निवडायचं, दुसऱ्यात त्याचं कारण निवडायचं. कारणांचे पर्याय संशोधकांनी कल्पनेनं रचले नव्हते. मुलं खरोखर जे बोलतात त्यातूनच ते घेतले होते. त्यामुळे उत्तर बरोबर पण कारण भलतंच, असा विद्यार्थी एरवी जो पूर्ण गुण घेऊन निसटला असता, तो इथं सापडतो. पुढं 2002 मध्ये नैसर्गिक निवडीवर आणि नंतर आनुवंशिकतेवर अशाच चाचण्या अमेरिकेत तयार झाल्या. त्यांची खरी करामत चुकीच्या पर्यायांत आहे. सामान्य प्रश्नपत्रिकेत चुकीचे पर्याय जागा भरायला असतात. इथं प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे एक नांदती समजूत असते, आणि ती बहुधा कधी काळी एखाद्या मोठ्या माणसाचं मत असते. ‘पाण्यातून’ म्हणणारी मुलगी मठ्ठ नाही. ती 1648 सालात आहे, एवढंच.

आपल्याकडच्या समजुती आपल्या मातीतल्या आहेत, म्हणून त्यांवरचे प्रश्नही इथंच घडवावे लागतात. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. तुळशीबद्दलही ऐकलं असेल. व्हॉट्सॲपवर हे शास्त्राच्या नावानं फिरतं आणि सोबत एक अर्धा खरा खुलासा असतो: काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. घेतात, यात शंका नाही. निवडुंग आणि अननस यांचं चालतंच असं. रखरखीत दिवसात पाणी वाया जाऊ नये म्हणून ती दारं रात्री उघडतात. आता वाचकानं स्वतःला विचारावं, की ऑक्सिजन सुटतो कशातून? पाण्यातून. पाणी फुटतं कशानं? प्रकाशानं. मग अंधारात कोणत्याही झाडानं, ते कितीही पूज्य असलं, तरी ऑक्सिजन सोडायचा कसा? रात्री साठवलेला कार्बन डायऑक्साइड निवडुंग वापरतो तो दुसऱ्या दिवशी, उजेडात, आणि ऑक्सिजनही तेव्हाच सुटतो. 1941 सालचा रूबेन-कामेन यांचा प्रयोग ज्याला समजला त्याला हा फॉरवर्ड पुढं ढकलण्याची गरज उरत नाही. पिंपळाचा मोठेपणा त्याच्या सावलीत आणि त्याच्या फळांवर जगणाऱ्या पाखरांत पुष्कळ आहे. त्याला खोट्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्यांना उलटी भीती वाटते, की रात्री खोलीत कुंडी ठेवली तर ती आपला ऑक्सिजन संपवेल, त्यांनी शेजारी घोरणाऱ्या माणसाचा विचार करावा. तो कुंडीतल्या रोपाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडत असतो.

आनुवंशिकतेच्या प्रश्नांकडे या संग्रहात सर्वांत जास्त पानं गेली आहेत, आणि ती जाणूनबुजून दिली आहेत. इथं चुकीचं उत्तर गुणपत्रिकेवर थांबत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल घरोघरी माहीत असलेला आजार आहे. रक्ततपासणीनंतर कुणाला ‘एएस’, म्हणजे वाहक, असं सांगितलं जातं. कुणाला ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. आता प्रश्न: नवरा-बायको दोघंही एएस आहेत. पहिलं मूल एसएस निघालं. दुसऱ्याचं काय? ‘चारात एक’ हे प्रमाण ऐकलेला माणूस म्हणतो, एक झालं, आता पुढची तीन बरी निघतील. शाळेत चार चौकटींचा तक्ता भरून आलेला मुलगाही हेच म्हणतो, कारण त्या चार चौकटी त्याला चार मुलं वाटतात. त्या चौकटी म्हणजे मुलं नव्हेत. त्या प्रत्येक खेपेच्या शक्यता आहेत. दुसऱ्या मुलाच्या वेळी चारात एक, तिसऱ्याच्या वेळीही चारात एक. आधी काय झालं याची बीजपेशीला आठवण नसते. अशा जोडप्याला चार मुलं झाली तर त्यांतलं एकही रुग्ण नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे 256 पैकी 81. सुमारे 32 टक्के. चौघांत एक तरी आजारी निघणारच, असं ज्याला वाटतं त्यानं हा आकडा स्वतः काढून पाहावा. गणित झेपत नाही म्हणून इकडं आलेल्यांना गणित इथंही गाठतंच.

याच आजाराचा पुढचा प्रश्न अधिक खोल आहे. सिकलसेलचं जनुक प्रभावी की अप्रभावी? पाठ्यपुस्तकातलं उत्तर: अप्रभावी, कारण वाहकाला आजार होत नाही. पण वाहकाच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी केली तर दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन शेजारीशेजारी दिसतं. त्या पातळीवर कुणीच कुणाला झाकत नाही. आणि ज्या प्रदेशात जीवघेणा मलेरिया आहे तिथं हेच एक जनुक वाहकाला त्या मलेरियापासून बरंच संरक्षण देतं. अँथनी ॲलिसननं 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून ते मांडलं. सगळा फरक किती? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. व्हर्नन इंग्रमनं तो 1950च्या दशकात शोधला. एका अमिनो आम्लाचा बदल. पण प्रभावी की अप्रभावी, याचं उत्तर आजाराच्या पातळीवर एक, प्रथिनाच्या पातळीवर दुसरं, आणि डासांच्या प्रदेशात तिसरं. प्रभावी-अप्रभावी हा जनुकाचा स्वभाव नसून आपण कोणत्या पातळीवर पाहतो आहोत यावर ते ठरतं, हे एकदा उमजलं की पुढचं आनुवंशशास्त्र निम्मं सोपं होतं. प्रभावी म्हणजे संख्येनं जास्त, हीसुद्धा अशीच एक हट्टी समजूत. ओ रक्तगट अप्रभावी आहे, आणि जगात सर्वांत जास्त लोकांत तोच आढळतो.

रक्तगटांचा विषय निघाला आहे तर मुंबईत सापडलेल्या एका प्रश्नाला टाळता येत नाही. सगळ्या प्रश्नसंचांत एक प्रश्न असतोच: आईचा रक्तगट ओ, वडिलांचा ए, मूल एबी असू शकेल का? छापील उत्तर: नाही. ओ गटाच्या आईकडे देण्यासारखं बी जनुकच नाही. तर्क स्वच्छ आहे. पण 1952 साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही लोकांच्या रक्ताबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्या रक्तात ए नव्हता, बी नव्हता. नेहमीच्या चाचणीत ते ओ दिसत होतं. तरी त्यांच्या रक्तद्रवात असं काही होतं, की ते ओ गटाच्या पेशींनाही एकमेकींना चिकटवून त्यांचे पुंजके करत होतं. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांकडे नव्हता. एच घडवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि एबीओचं नवव्या. दोघांचा वारसा स्वतंत्रपणे चालतो. तेव्हा एखाद्या बाईकडे बी जनुक असूनही पाया नसल्यामुळे ते दिसणार नाही, चाचणी ओ सांगेल, आणि तेच बी जनुक तिच्या मुलात नवऱ्याकडून आलेल्या एचच्या जोरावर खुशाल प्रकट होईल. मूल एबी. बायकोवर संशय घेण्याआधी नवऱ्यांनी हे पान वाचावं. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावानं जगभर ओळखला जाणारा हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाकडे असतो. ओ गट कुणालाही देता येतो, असं आपण पाठ केलेलं असतं. या माणसांना ओ रक्त दिलं तर ते जिवावर बेततं. त्यांना आपल्यासारख्याच माणसाचं रक्त लागतं. प्रश्नसंचातलं ‘नाही’ हे उत्तर बदलून ‘बहुधा नाही, पण आधी आईच्या रक्तात एच आहे का ते तपासा’ असं लिहिलं की तो प्रश्न माझ्या लेखी चांगल्या प्रश्नांत जमा होतो.

उत्क्रांतीवर एवढंच सांगतो, की ‘जंतूंना औषधाची सवय झाली’ या वाक्याभोवती एक अख्खं प्रकरण आहे. सवय माणसाला होते, कारण तोच माणूस दुसऱ्या दिवशीही असतो. जंतूंच्या थव्यात औषध येण्याआधीच थोडे वेगळे जंतू असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि या वेगळ्यांना रान मोकळं करून देतं. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये मखमलीच्या तुकड्यानं एका तबकडीवरच्या जंतूंच्या वसाहतींचा ठसा दुसऱ्या तबकडीवर उमटवून हे दाखवलं. औषध न पाहिलेल्या मूळ तबकडीवर, नेमक्या त्याच जागी, औषधाला न जुमानणारे जंतू आधीपासून हजर होते. मखमल, दोन तबकड्या आणि एक नेमका प्रश्न, एवढ्यावर हा प्रयोग झाला. तो न वाचता त्या प्रकरणातल्या प्रश्नांना हात घालू नये, अशी विनंती आहे.

मंडईचं प्रकरण मात्र विश्रांतीसाठी आहे. बटाटा खोड आणि रताळं मूळ, हे बहुतेकांना येतं. का, हे विचारलं की गोंधळ सुरू होतो. बटाट्याचे डोळे म्हणजे कळ्या आहेत आणि कळ्या खोडाला ठरलेल्या जागी येतात, हे कळलं की आलं आणि हळद हातात घेऊनच उत्तर मिळतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी काजू आणि फणस आहेत. काजूचं बोंडू म्हणजे फळाचा फुगलेला देठ, आणि खरं फळ त्याला खाली लटकलेलं. फणस तर एक फळच नव्हे. शेकडो फुलांच्या अख्ख्या फुलोऱ्याचं मिळून ते झालेलं असतं, आणि आपण गरा म्हणून खातो तो फुलाच्या बाहेरच्या आवरणाचा भाग. उंबर सुरीनं कापून भिंगाखाली धरलं तर फुलं आत दिसतील, आणि बहुधा त्यांना परागण करणाऱ्या बारीक माश्याही. शाकाहारी वाचकांनी तो प्रश्न सोडून दिला तरी चालेल.

आता उत्तरांविषयी. संग्रहाच्या शेवटी उत्तरं आहेत, आणि काही उत्तरांखाली ती कोणत्या मतानुसार दिली आहेत ते लिहिलं आहे. त्याचं कारण माणसाच्या गुणसूत्रांच्या इतिहासात आहे. 1923 मध्ये थिओफिलस पेंटरनं ती 48 असल्याचं सांगितलं आणि पुढं तीसेक वर्षं पुस्तकांत 48च छापलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांनाही 48 दिसत राहिली, कारण ती तेवढी असतात हे त्यांना आधीच माहीत होतं. 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला जो हिन टिजो यानं चांगल्या पसरलेल्या पेशींत नव्यानं मोजणी केली, आणि त्याचा व आल्बर्ट लेव्हानचा निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला: 46. त्या तीसेक वर्षांत ज्यांनी परीक्षेत 46 लिहिलं असेल त्यांचे गुण गेले. जंतूंच्या बाबतीतही असंच झालं. आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू राहतात, हे विधान कित्येक वर्षं चाललं; 2016 मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी नव्यानं हिशेब केला तेव्हा सुमारे 30 लाख कोटी पेशी आणि सुमारे 38 लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरी, असं निघालं.

वर्गीकरणाच्या प्रश्नांत ही अडचण सर्वांत जास्त आहे. व्हिटेकरच्या 1969 सालच्या पाच सृष्टी अजून शाळेत शिकवल्या जातात, आणि कार्ल वूझनं 1990 मध्ये मांडलेली तीन अधिक्षेत्रं विद्यापीठात. दोन्ही ठिकाणी शिकलेल्या वाचकाला एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं माहीत असू शकतात. अशा प्रश्नांना दोन्ही उत्तरं दिली आहेत आणि त्यांखाली एक जास्तीचा प्रश्न जोडला आहे: अळंबी माणसाला जास्त जवळची की वांग्याला? जनुकांचा पुरावा माणसाच्या बाजूचा आहे. तो कसा वाचायचा, ते नवव्या प्रकरणात.